चाकू हातावर देऊ नये

एकनाथरावांनी मला पहिल्यांदा चाकू दिला त्या दिवशी मला त्यांचा असा राग आला, की पुढचे दोन दिवस ते जिन्यात समोर आले तरी मी मान फिरवून जात होते.

झालं असं. पुण्याहून हैदराबादला आमचं सामान नुकतंच येऊन पडलं होतं. मिलिंदचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, ऑफिस तिकडे लांब हायटेक सिटीत. पण काचेच्या इमारतीतच राहायचं तर हिंजवडी काय वाईट होती, असं मी म्हटलं आणि हट्टानं नल्लकुंट्यातल्या एका जुन्या तीन मजली इमारतीत जागा घेतली. खोक्यांचा डोंगर समोर, आणि खोकी कापायची कात्री अर्थातच त्यातल्याच एका खोक्यात. मी खाली आले. तळमजल्याच्या ओट्यावर एक सत्तरीचे गृहस्थ पेरू कापत बसले होते. मी म्हटलं, "काका, जरा चाकू देता का?" त्यांनी हातातलं पातं रुमालानं पुसलं, मिटवलं, त्याच चाकूतलं दुसरं, जरा लहान पातं नखानं उघडून बघितलं, तेही मिटवलं. मी हात पुढे केलेला. आणि त्यांनी काय करावं? चाकू माझ्या हातात न देता शेजारच्या कठड्यावर ठेवला आणि दुसरीकडे बघू लागले. माझा हात तसाच हवेत.

आम्ही पुण्याचे. दुसऱ्याचा अपमान करणं आम्हाला जमतं, करून घ्यायची सवय नाही. मला वाटलं, म्हातारा सोवळ्यातला दिसतोय, बाईच्या हाताला हात लागला तर बाटेल. वर जाऊन मी मिलिंदला म्हटलं, "एकविसावं शतक इथे पोचलेलंच नाही."

तिसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी, चतुराबाई, वाटीभर चिंचेचं सार घेऊन वर आल्या आणि दारातच म्हणाल्या, "तुमी आमच्यावर रागावल्या म्हणं. बाई, चाकू हातावर द्यायचा नसतंय. भांडण होतंय." आणि एकदम मला माझी आत्या आठवली. मीठ, मिरची, कात्री, विळी, काही म्हणून ती हातावर देत नसे. खाली ठेवायची, मग आपण उचलायचं. मी हे साफ विसरले होते. मी हसायला लागले, तशा चतुराबाई हसल्या नाहीत. "हसू नका," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात झालंय म्हणून सांगायले." आणि वाटी रिकामी करून घेऊन निघून गेल्या.

माझी चूक मी पेरूच्या जॅमची बाटली पाठवून भरून काढली. इथे पेरूला जांब म्हणतात, हेही तेव्हाच कळलं.

एकनाथराव बोरगावे मूळ उदगीरकडचे, पण जन्म हैदराबादचा. वडिलांनी गावची जमीन भावांवर सोडली आणि इथे मोजमजाही मार्केटात फळांचा गाडा लावला. एकनाथराव स्वतः सिकंदराबाद स्टेशनात पार्सल ऑफिसला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. गाड्यावर काय आणि पार्सलात काय, सुतळ्या कापायच्याच, त्यामुळे घराण्यात चाकू आला तो टिकला. सकाळी बाहेर पडताना ते तीन ठिकाणी हात लावतात. चष्म्याला, किल्लीला आणि पँटच्या डाव्या खिशाला. डाव्या खिशात चाकू. घडीचा, दोन पात्यांचा, बोटभर लांबीचा. पायजम्यालाही त्यांनी शिंप्याकडून तसा वेगळा कप्पा शिवून घेतलाय. लग्नाला जाताना, दवाखान्यात जाताना, देवळात जाताना, कुठेही.

त्या चाकूचे कायदे होते. थोरलं पातं तोंडाचं, धाकटं पातं कामाचं. थोरल्यानं फक्त फळ कापायचं, बाकी काही नाही. धाकट्यानं सुतळी, पाकीट, औषधाची पट्टी, शर्टाचा लोंबता दोरा, काय वाटेल ते. हा कायदा त्यांच्या वडिलांचा. थोरल्या पात्यानं ते गिऱ्हाइकाला चवीची फोड देत, धाकट्यानं टोपल्यांची सुतळी कापत, आणि एकाचं काम दुसऱ्यानं केलं तर पोरांच्या पाठीत धपाटा बसे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आयटीतल्या मुलांना हे काही ठाऊक नव्हतं. रोज त्यांची काही ना काही खोकी येत, आणि रोज ती मुलं "अंकल, नाइफ?" करत ओट्याशी उभी राहत. अंकल धाकटं पातं उघडून स्वतः खोकं कापून देत. कुणी घाईत हात पुढे केलाच, तर चाकू कठड्यावर. त्या मुलांना वाटायचं हा म्हाताऱ्याचा काहीतरी विक्षिप्तपणा. मी त्यांना एकदा समजावून सांगायला गेले, तर एकानं विचारलं, "पण आंटी, ऑनलाइन चाकू मागवला तर भांडण कुणाशी होतं?" पोट्टा हुशार होता.

मी एकदा त्यांच्या चाकूला गंमतीनं रामपुरी म्हटलं. एकनाथराव एवढे चिडलेले मी त्याआधी पाहिले नव्हते. "रामपुरी गुंडाचा असतोय, सुलभाबाई. खटका दाबला की बाहेर. ह्याला दोन्ही हात लागतेत उघडायला. भांडणात ज्याला दोन्ही हातानं उघडावं लागतंय, तो चाकू भांडणाचा नसतोय. हा घरगृहस्थीचा."

खिशात एक, आणि घरात तीस-पस्तीस. ते मला दुसऱ्या वर्षी कळलं, तेही चतुराबाई कुरकुरल्या म्हणून. दर गुरुवारी सकाळी ते नाश्ता करून जुमेरात बाजारात जात. जुना लोखंडी पसारा, मोडके पंखे, कुणाच्या तरी घरातून निघालेली भांडी, सगळं तिथे रस्त्यावर मांडलेलं असतं. रविवारी कोठी भागातल्या जुन्या पुस्तकांच्या रांगेत एक माणूस कुलपं-चाव्या घेऊन बसे, त्याच्याकडेही फेरी. आणायचा चाकू तो दोनच पात्यांचा. बूच काढायचा स्क्रू, कात्री, कानकोरणं असली भर असलेला चाकू कितीही देखणा असो, हातात घेत नसत. "एका पात्यानं भागत नाही, तिसरं लागत नाही," असं त्यांचं म्हणणं.

मिठाईच्या पत्र्याच्या डब्यात ते चाकू जुन्या धोतराच्या चिंध्यांत गुंडाळून ठेवलेले. शिलाई मशिनच्या तेलाचा वास यायचा. ते एकेक उलगडून दाखवत. हा शिंगाच्या मुठीचा, हा पितळी, हा छावणीतल्या कुठल्या तरी सोल्जरचा, त्याला दोरी ओवायची कडी आहे. पात्याची झीज बघून ते मालकाचा धंदा सांगत. हा न्हाव्याचा. हा पानवाल्याचा, थोरल्या पात्यावर चुन्याचे डाग बघा. हा डावखुऱ्याचा. मी म्हणायची, "काका, तुम्ही ठोकून देता." ते हसायचे. "थोडं ठोकतो. पण विकणाऱ्याला कुठं काय माहीत असतंय, कुणीतरी बिचाऱ्या मालकाची आठवण काढावी की."

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. नवा चाकू घरी आला, की ते आधी थोरलं पातं उघडून खिडकीशी नेत, उजेडात आडवं धरत, बराच वेळ बघत. मग चेहरा उतरायचा. नंतरच तेल आणि चिंधी. मी बायकांच्या साडीखरेदीच्या गर्दीत हा चेहरा पाहिलाय. मनात एक साडी धरून आलेली बाई दुकानातल्या दुसऱ्या साड्या बघते, तो चेहरा. मी चतुराबाईंना विचारलं, "काका कुठला चाकू शोधतायत?"

चतुराबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी आधी आत डोकावून बघितलं, आणि मग सांगितलं.

चाकू सासऱ्यांचा. सिकंदराबादेत घेतलेला, काळ्या शिंगाच्या मुठीचा. जन्मभर जांब, लिंबू, कैरी कापून पातं निळसर काळं पडलेलं, आणि गाड्यावरच्या दगडावर रोज घासून थोरलं पातं मधोमध आत गेलेलं. सासरे गेल्यावर तो थोरल्या मुलाकडे, म्हणजे एकनाथरावांकडे आला. एकनाथरावांचा धाकटा भाऊ शिवराज, त्याचाही त्या चाकूवर जीव. कधी मागितला नाही, पण आला की हातात घेऊन बसायचा. शिवराजनं कुकटपल्लीला फ्लॅट घेतला, वास्तुशांत झाली, पंगत उठली, आणि एकनाथरावांना काय भरून आलं कोण जाणे. खिशातून चाकू काढला आणि थेट भावाच्या हातावर ठेवला. "घे. आता तू बी घरवाला झालास." चतुराबाई लांबून ओरडल्या, "खाली ठेवा!" पण मूठ मिटली होती.

महिन्याभरात शिवराज चाकू घेऊन नल्लकुंट्याला आला. आनंदानं फुलला होता. बापाच्या चाकूचा मान ठेवायचा म्हणून त्यानं तो एका दुकानात देऊन मशिनवर घासून, पॉलिश करून आणला होता. काळं सगळं गेलेलं. आत गेलेलं पोट सरळ केलेलं. मुठीवर बापाच्या अंगठ्यानं पडलेली गुळगुळीत जागाही दिसेना. पातं आरशासारखं चमकत होतं. शिवराज म्हणाला, "बघ अण्णा, नवा करून आणलो."

"मग हे काय बोलले माहित हाय?" चतुराबाई म्हणाल्या. "म्हणाले, 'बापाचं तोंड पुसून आणलास तू. निघ.' शिवराजभावजीनं पाणीबी घेतलं नाही. तसंच उठले. जाताना म्हणाले, 'तुला तो पूजेला पायजे, मला वापरायला.' बस्स. आठ-नऊ वर्षं झाली. दोघांत शब्द नाही. दिवाळीला नाही, पोराच्या लग्नाला बी नाही. आम्ही दोघी जावा फोनवर बोलताव, चोरून, चोरट्यासारखं."

म्हणजे तो सगळा डबा, ते सगळे गुरुवार, ते त्या एका चाकूसाठी होते. तसाच, बापाच्या हातानं झिजल्यासारखा चाकू जगात कुठेतरी असेल, अशा वेड्या आशेनं हा माणूस जुन्या बाजारात परक्यांची पाती उजेडात धरत होता. मला खूप वाईट वाटलं, आणि तितकाच रागही आला. एवढ्या पॉलिशवरून कुणी भाऊ तोडतं का? हे मी त्यांना तोंडावर म्हटलं असतं, माझी जीभ काही कुणाच्या ताब्यात नसते, पण चतुराबाईंनी शपथ घातली होती.

गेल्या वर्षी गणपतीच्या दिवसांत शिवराजला झटका आला. उजवा हात गेला, बोलणं जड झालं. दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा त्याच्या बायकोनं, त्रिवेणीबाईंनी, पहिल्यांदाच उघडपणे एकनाथरावांच्या फोनवर फोन केला. "भाऊजी, येऊन जावा." हे म्हणाले, येतो. दुसऱ्या दिवशी म्हणाले, उद्या. तिसऱ्या दिवशी गुडघा दुखत होता. मी खाली गेले तेव्हा ते ओट्यावर बसून धाकट्या पात्यानं नखाखालचा मळ काढत होते, जो त्यांच्या नखाखाली कधीच नसतो.

मी शपथ मोडली. "काका, भाऊ आजारी आहे. तुम्हाला कशाची भीती वाटते?"

ते चिडले नाहीत. पातं मिटवलं. मग म्हणाले, "शिवाची नाही वाटत. त्याला काय, दोन शिव्या देईल, देऊ दे. तो चाकू त्याच्या घरात आसंल. कपाटात, टेबलावर, कुठंतरी. तो चकचकीत चाकू माझ्या समोर आला तर माझ्या तोंडून परत तेच निघंल. आजारी माणसाला मी तेच बोललो तर? मला माझाच भरवसा नाही, सुलभाबाई."

मी वर निघून आले.

अनंत चतुर्दशीच्या सकाळी त्रिवेणीबाईंचा पुन्हा फोन आला. शिवराजच्या मानेतल्या शिरेचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी करायचं ठरलं होतं. धोका आहे, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. "ते काही म्हणत नाहीत," त्रिवेणीबाई म्हणाल्या, "पण दाराची बेल वाजली की मान तिकडं करतेत." यानंतर उद्या नव्हता. एकनाथराव शर्ट घालून बाहेर आले.

पण दिवस विसर्जनाचा. सगळ्या हैदराबादचे गणपती हुसेनसागराकडे निघालेले, रस्ते बंद, बसेस वळवलेल्या, गाडी काढायची सोय नाही. मिलिंद म्हणाला, आज फक्त मेट्रो. आणि एकनाथराव जागच्या जागी थांबले, कारण मेट्रो आणि त्यांचं पटत नव्हतं. मेट्रो नवी असताना ते हौसेनं नारायणगुड्याच्या स्टेशनवर गेले होते. दारातल्या तपासणीच्या मुलीनं चाकू बघून हात जोडले. "अंकल, ये अंदर नक्को." हे म्हणाले, "अगे बेटी, इससे जाम काटतूं मैं, आदमी नै." ती हसली, पण सोडलं नाही. चाकू टाकून आत जायचं की चाकूसकट घरी जायचं, असा प्रश्न आला, तेव्हा ते चाकूसकट घरी आले होते. त्यानंतर मेट्रोचं नाव काढलं नव्हतं.

आता ते दारात उभे राहिले, डाव्या खिशात हात घालून. मग आत गेले, देव्हाऱ्यापुढे चाकू ठेवला, आणि परत आले. पण जिना उतरेपर्यंत त्यांचा हात तीनदा खिशाकडे गेला आणि रिकामा परत आला. मला त्या क्षणी त्यांच्यावर फार माया आली. गाडी कुठे बदलायची ते त्यांना आणि चतुराबाईंना, दोघांनाही ठाऊक नव्हतं, म्हणून मी बरोबर निघाले. खरं कारण सांगायचं तर मला घरी बसवलं नसतं.

कोपऱ्यावरच्या गाड्यावरून त्यांनी पिकलेले जांब घेतले. शिवाला आवडतेत, एवढंच म्हणाले. रिक्षावाल्यानं गल्लीबोळातून नारायणगुड्यापर्यंत नेऊन सोडलं. स्टेशनच्या तपासणीत ते हात वर करून छातीठोकपणे उभे राहिले, आणि यंत्र वाजलं नाही म्हणून थोडे हिरमुसले. एमजीबीएस स्टेशनला गाडी बदलली. दोन्ही गाड्यांत गुलाल माखलेली पोरं ठासून भरलेली. चतुराबाई वाटभर एवढंच म्हणत राहिल्या, "काही बोलू नका हं तिथं. चाकू दिसला तर माझ्याकडं बघा." आणि हे खाली बघत मान हलवत राहिले.

कुकटपल्लीच्या फ्लॅटचं दार त्रिवेणीबाईंनी उघडलं आणि तोंडाला पदर लावला. आतल्या खोलीत शिवराज पलंगावर टेकून बसला होता. भावाचाच चेहरा, थोडा जास्त भरलेला, आणि उजवीकडे किंचित ओघळलेला. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. कुणी रडलं नाही, कुणी गळ्यात पडलं नाही. एकनाथराव पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसले, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाले, "जांब आणलो."

शिवराजनं मान हलवली.

एकनाथरावांनी एक जांब काढला, आणि सवयीनं हात डाव्या खिशात गेला. रिकाम्या खिशात हात तसाच राहिला. जन्मभर चाकू बाळगणारा माणूस आज नेमका बिनचाकूचा आला होता, आणि हे शिवराजलाही कळलं. त्याच्या तोंडाचा चांगला कोपरा हलला. त्यानं डाव्या हातानं उशीखाली चाचपलं आणि चाकू बाहेर काढला.

चतुराबाईंनी माझं मनगट पकडलं. एकनाथरावांनी मान फिरवून खिडकीकडे बघितलं. ते बघणारच नव्हते. शिवराजला एका हातानं पातं उघडेना. त्यानं मूठ गुडघ्यांत धरली, नखाच्या खाचेत नख अडकवलं, आणि हळूहळू थोरलं पातं उघडलं. तेव्हा टक् असा आवाज झाला, आणि त्या आवाजानं एकनाथरावांची मान आपोआप वळली.

पातं काळं होतं. निळसर काळं, मधे पिवळट डाग. आणि मधोमध आत गेलेलं. मी तो मूळ चाकू कधी पाहिला नव्हता, पण पाहायची गरज नव्हती. एकनाथरावांचा चेहरा बघून कळलं.

ते उठले. पलंगापाशी वाकले. "हे... हे कसं?"

शिवराजला शब्द जुळवायला वेळ लागत होता. त्रिवेणीबाईच बोलल्या. "त्या दिवसापासून घरातला दुसरा चाकू हातात धरला नाही बघा. लिंबू ह्यानं, कैरी ह्यानं, रोज एक जांब ह्यानं. मामंजींचा तो घासायचा दगड जुन्या सामानातून काढून घेतले. रोज सकाळी घासत बसायचे. मी म्हणायचे, अवो, एवढं पैसे देऊन चमकवलाव, परत काळं पडायलंय की. तर म्हणायचे, पडू दे. तेच पायजे. पुरतं काळं झालं की अण्णाकडं जातो."

"मग आला का नाहीस?" एकनाथराव म्हणाले.

शिवराज म्हणाला, "अजून... थोडं... राहिलं होतं."

एकनाथरावांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. जुमेरात बाजारातला प्रत्येक गुरुवार त्यांना त्या वेळी आठवला असणार. ते परक्यांची पाती उजेडात धरत होते, आणि ते शोधत होते ते पातं इथे त्यांचा भाऊ रोज सकाळी दगडावर घडवत होता. दोघं वेगवेगळ्या टोकांनी एकच काम करत होते आणि दोघांनी एकमेकांना एक फोन केला नव्हता. मला दोघांचेही कान उपटावेसे वाटले.

शिवराजनं चाकू मिटला. आता तो भावाला द्यायचा होता. त्यानं डावीकडे बघितलं. टेबलावर औषधांच्या बाटल्यांची गर्दी, ठेवायला जागा नाही. पलंगाच्या कडेला ठेवला तर घसरून पडणार. चाकू हातात धरून तो जागा शोधत होता. अर्ध्या मेलेल्या शरीरानंही त्याला नियम मोडायचा नव्हता. एकदा मोडला होता, त्याची शिक्षा दोघांनी भोगली होती.

एकनाथरावांनी हात पुढे केला, तळवा वर करून.

"अवो," चतुराबाई म्हणाल्या.

शिवराज त्या तळव्याकडे बघत राहिला. "भांडण... होतंय, अण्णा."

"होऊ दे," एकनाथराव म्हणाले. "भांडायला तरी बोलावं लागतंय की."

शिवराजनं चाकू त्यांच्या हातावर ठेवला. एकनाथरावांनी मूठ मिटली, आणि त्या मुठीवर शिवराजचा हात जरा वेळ तसाच राहिला.

मग थोरल्या पात्यानं जांब कापला गेला. एकनाथरावांनी बिया काढून मऊ गराची पातळ फोड केली आणि भावाच्या तोंडाशी नेली. शिवराजनं तोंड फिरवलं. "मीठ," तो म्हणाला. हा शब्द मात्र त्याला अगदी स्वच्छ म्हणता आला.

"मीठ नाही. बीपी किती हाय तुझं?"

"जांबाला... मीठ लागतंय."

"लागत नाही. बाप मीठ लावायचा का?"

"लावायचा! तुला... काय माहीत? तू कधी... गाड्यावर बसलास?"

"मी नाही बसलो? मी? अरे, तू शाळेतून पळून..."

त्रिवेणीबाई पदरानं तोंड झाकून हसत होत्या, की रडत होत्या, ते सांगता येत नाही. चतुराबाई मात्र उठल्या. "चला," त्या मला म्हणाल्या, "चहा टाकू. हे आता संपायचं नाही." आम्ही तिघी स्वयंपाकघरात गेलो. गॅसवर पाणी ठेवलं. आतून दोघांचा आवाज चढलेला ऐकू येत होता, आणि आमच्यापैकी कुणीही मध्ये पडलं नाही.